खर्जाचा भार : बेस गिटार आणि तिचे मंचीय ध्वनिवर्धन

बेस गिटारचा इतिहास बहुधा केवळ वाद्याचा इतिहास म्हणून लिहिला जातो. १९५१ साली कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे लिओ फेंडर याने ‘प्रिसिजन बेस’ हे वाद्य बाजारात आणले, त्याने अवजड डबल बेसला नृत्यवृंदांतून हुसकावले, आणि पुढे रॉक संगीताची इमारत या चार तारांवर उभी राहिली, अशी ती कथा आहे. कथा खोटी नाही. परंतु ती अर्धी आहे. भरीव लाकडाची बेस गिटार विद्युत्प्रवाहावाचून जवळजवळ मुकी असते. वीणेला भोपळा असतो, सारंगीला कातड्याने मढविलेले पोट असते. तारेचे कंपन हवेच्या स्वाधीन करण्याचे काम ही अंगे करतात. बेस गिटारमध्ये हे काम वाद्यातून निघून केबलच्या दुसऱ्या टोकाशी असलेल्या ध्वनिवर्धकाकडे आणि स्पीकरच्या पेटीकडे गेले आहे. या वाद्याचा भोपळा वादकाच्या मांडीवर नसतो. तो त्याच्या पाठीमागे काही हातांवर ठेवलेला असतो. तो वेगळा विकत घ्यावा लागतो, वेगळा वाहून न्यावा लागतो, आणि सभागृह बदलले म्हणजे पुष्कळदा तोही बदलावा लागतो. या दुसऱ्या अर्ध्या वाद्याची निवड वादकांनी कशी केली आणि त्या निवडीचे परिणाम काय झाले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा विषय निवडण्यास इतिहासपद्धतीचेही एक कारण आहे. लोकप्रिय संगीताच्या अभ्यासकापुढे प्रमुख साधन म्हणून ध्वनिमुद्रिका असते, आणि ध्वनिमुद्रिकेत जे ऐकू येते तेच मंचावर ऐकू येत असले पाहिजे असे तो सहज गृहीत धरतो. गायकाच्या बाबतीत हे गृहीतक काही अंशी चालून जाते. बेसच्या बाबतीत मात्र ते मुळीच चालत नाही. याची प्रमाणे पुढे यथाक्रम येतील. तत्पूर्वी ध्वनिशास्त्राची दोनतीन तथ्ये ध्यानात घेणे अवश्य आहे, कारण वादकांच्या आवडीनिवडीचा उगम पुष्कळदा तेथेच सापडतो.

चार तारांच्या बेस गिटारच्या सर्वांत जाड तारेची कंपनसंख्या दर सेकंदास सुमारे ४१.२ आहे. हवेत या स्वराची तरंगलांबी सुमारे ८.३ मीटर भरते. म्हणजे मध्यम आकाराच्या मंचावर ती एकदादेखील पुरती मावत नाही. शिवाय मनुष्याचा कान इतक्या खालच्या स्वरांच्या बाबतीत मंद आहे. बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये आपले मापन प्रसिद्ध केल्यापासून ही गोष्ट आकड्यांनी मांडता येते. मोठ्या आवाजाच्या मैफलीतही मध्यसप्तकातील स्वराइतका मोठा वाटावा म्हणून या खर्जाला वीसहून अधिक डेसिबल जास्त दाब लागतो, आणि वीस डेसिबल म्हणजे शंभरपट शक्ती. खर्ज महाग आहे तो यामुळे. तथापि निसर्गाने एक सवलतही दिली आहे. मूलस्वर क्षीण असला किंवा अजिबात नसला तरी त्याचे उपस्वर स्पष्ट ऐकू आल्यास कान मूलस्वराची भरपाई स्वतः करून घेतो. मंचावरील बेसचा बराचसा इतिहास या सवलतीवर चालला आहे. मात्र ती घेणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना तिची जाणीव होती.

१९२० च्या दशकापासून अमेरिकन नृत्यवृंदांत ट्यूबाची जागा डबल बेसने घेतली. जवळजवळ पुरुषभर उंचीचे हे वाद्य आतड्याच्या तारांचे असे, आणि ट्रंपेट-ट्रॉम्बोनच्या रांगेपुढे त्याचा स्वर ऐकू येण्याऐवजी जाणवत असे इतकेच. तार ओढून पट्टीवर आपटण्याची जी रीत त्या काळी रूढ झाली ती केवळ चमत्कृतीसाठी नव्हती. आपटण्याचा टणत्कार तरी श्रोत्यापर्यंत पोहोचावा हा तिचा एक हेतू होता. या अडचणीवर दोन प्रकारचे उपाय निघाले. एक उपाय असा की वाद्य तेच ठेवायचे आणि त्याचा आवाज वाढवायचा. न्यूयॉर्कचा बेसवादक एव्हरेट हल याने १९४६ च्या सुमारास डबल बेसच्या तळाच्या खुंट्यात ध्वनिग्राहक बसविला. इंग्रजीत या खुंट्याला ‘पेग’ म्हणतात. ध्वनिवर्धित पेग म्हणून ‘अँपेग’ हे नाव पडले व पुढे तेच त्याच्या संस्थेचे नाव झाले. दुसरा उपाय वाद्यच बदलण्याचा. सिअ‍ॅटल येथील पॉल टटमार्क याने १९३० च्या दशकाच्या मध्यास ‘ऑडिओव्हॉक्स’ या नावाने भरीव लाकडाची, पडदे असलेली, आडवी धरून वाजविण्याची विजेवरची बेस विकावयास काढली होती. म्हणजे फेंडरच्या आधी सुमारे पंधरा वर्षे ही कल्पना मूर्त झाली होती. ती का रुजली नाही याचे उत्तर वाद्याच्या रचनेत शोधून हाती फारसे लागत नाही. त्या काळचे ध्वनिवर्धक आणि स्पीकर खर्जाचा भार पेलण्यास असमर्थ होते, हेच कारण मला अधिक सयुक्तिक वाटते.

फेंडर हा मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर. तो स्वतः गिटार वाजवीत नसे, आणि कदाचित त्यामुळेच वाद्य आणि ध्वनिवर्धक ही त्याला दोन वेगळी प्रकरणे वाटली नाहीत. १९५१ च्या त्याच्या वाद्यात तारेची लांबी ३४ इंच ठरविली होती. डबल बेसपेक्षा ती बरीच कमी, पण गिटारपेक्षा पुष्कळ जास्त. पडदे असल्यामुळे स्वर अचूक लागे, आणि ‘प्रिसिजन’ हे नाव त्यावरूनच आले. पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये, त्याने ‘बेसमन’ हा ध्वनिवर्धक आणला. त्याची शक्ती सुमारे २६ वॅट असून पेटीत १५ इंच व्यासाचा एकच स्पीकर होता. आजच्या दृष्टीने ही सामग्री तुटपुंजी वाटेल. परंतु खास बेससाठी योजिलेला ध्वनिवर्धक आणि खास त्यासाठी योजिलेले वाद्य ही जोडी एकाच कारखान्यातून निघून व्यापारात स्थिरावली ती येथपासून. लायोनेल हॅम्प्टनच्या वृंदातील बेसवादकांनी ती मंचावर नेली. रॉय जॉन्सन याच्या हाती हे वाद्य १९५२ मध्येच दिसले होते. त्याच्या जागी आलेल्या मंक माँटगोमेरी याने जुलै १९५३ मध्ये आर्ट फार्मरच्या सप्तकाबरोबर त्याचे ध्वनिमुद्रण केले. माँटगोमेरी मूळचा डबल बेस वाजविणारा. नवे वाद्य त्याने आवडीने उचलले नव्हते. वृंदप्रमुखाला तो आवाज हवा होता म्हणून ते त्याच्या गळ्यात पडले. वाद्याचे सामान्यनामही दीर्घकाळ ‘फेंडर बेस’ असेच राहिले. इतर कारखान्यांची वाद्ये वाजविणाऱ्यांनाही ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनांवर हेच विशेषण लागलेले आढळते.

बेसमनची पुढची हकीकत उपरोधाने भरलेली आहे. १५ इंची एकटा स्पीकर जोरकस आघाताखाली तग धरीना, म्हणून १९५४–५५ च्या सुमारास त्याच्या जागी १० इंची चार स्पीकर आले, शक्ती वाढत जाऊन चाळीस-पंचेचाळीस वॅटपर्यंत पोहोचली, आणि पेटीची पाठ उघडी राहिली. येथे घोटाळा झाला. स्पीकरचा शंकू पुढे ढकलला जातो तेव्हा त्याच्या मागची हवा विरळ होते. पाठ उघडी असली म्हणजे दीर्घ तरंगलांबीच्या स्वरांत पुढची आणि मागची हवा एकमेकींचा परिणाम पुसून टाकतात. त्यामुळे बेससाठी बांधलेली ही पेटी नेमक्या बेसच्याच स्वरांना दुबळी ठरली. गिटारवादकांना मात्र ती विलक्षण मानवली. व्हॉल्व्हवर ताण पडला की तिचा स्वर भरदार व किंचित फाटका होई, आणि ब्लूज व रॉक वाजविणाऱ्यांना तोच हवा होता. लंडनच्या पश्चिमेस हॅनवेल येथे जिम मार्शल याचे वाद्यांचे दुकान होते. १९६२–६३ मध्ये त्याने आपले सहकारी केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांच्यासह बेसमनच्या अखेरच्या आराखड्यावरून आपला पहिला ध्वनिवर्धक बांधला व त्याखाली १२ इंची चार स्पीकरांची बंद पेटी ठेवली. रॉक गिटारच्या प्रचंड आवाजाचा वंश असा बेसच्या एका फसलेल्या ध्वनिवर्धकापासून सुरू होतो; आणि त्या आवाजाने पहिला बळी घेतला तो बेसचाच. दहा वर्षांपूर्वी पितळी वाद्यांपुढे लोपणारा बेसवादक आता आपल्याच ध्वनिवर्धकाच्या वंशजापुढे लोपू लागला.

अँपेगने निराळा मार्ग धरला. तेथील जेस ऑलिव्हर याने १९६० मध्ये ‘पोर्टाफ्लेक्स बी-१५’ ही रचना सिद्ध केली. शक्ती २५ वॅट, स्पीकर एकच, १५ इंची. ध्वनिवर्धक प्रवासात उलटा होऊन पेटीच्या पोटात जाई आणि वाजविताना वर येई. पेटी विचारपूर्वक बंद केलेली असल्यामुळे खर्ज गोल आणि स्वच्छ येत असे. हल याला रॉक संगीताचा आणि फाटक्या स्वराचा मनस्वी तिटकारा होता, आणि त्याच्या यंत्रांचा स्वभावही तसाच होता: स्वर स्वच्छ, पण मर्यादा ठरलेली. छोट्या क्लबात आणि ध्वनिमुद्रणगृहात बी-१५ अप्रतिम होती. हजार माणसांच्या सभागृहात ती निरुपयोगी ठरे. डेट्रॉइटचा जेम्स जेमर्सन क्लबांत वाजविताना हीच पेटी वापरीत असे. १९६० च्या दशकातील मोटाउनच्या ध्वनिमुद्रिकांवरचा त्याचा बेस ऐकून कित्येक वादकांनी तिचा शोध घेतला आहे. येथे पुराव्याचा पहिला प्रश्न उभा राहतो. मोटाउनच्या ध्वनिमुद्रणगृहात जेमर्सनच्या प्रिसिजन बेसची केबल सामान्यतः कोणत्याही पेटीकडे न जाता सरळ मिक्सरकडे जात असे. ज्या स्वराला आपण ‘बी-१५ चा स्वर’ म्हणून नावाजतो त्यातील बराचसा स्वर या यंत्रातून गेलेलाच नाही. चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या जुन्या तारा, वादकाची तर्जनी आणि मिक्सर, एवढाच तो ऐवज. रात्री क्लबात त्याचे श्रोते जे ऐकत होते ते काही निराळेच असले पाहिजे, आणि त्याचा अंदाज ध्वनिमुद्रिकेपेक्षा पेटीच्या रचनेवरून अधिक बांधता येतो.

याहून ठळक उदाहरण बीटल्सचे आहे. पॉल मॅकार्टनी याने १९६१ मध्ये हॅम्बुर्ग येथे हॉफनर कंपनीची व्हायोलिनच्या आकाराची पोकळ बेस घेतली. ती स्वस्त होती, आणि दोन्ही बाजूंनी सारखी असल्यामुळे डावखुऱ्या वादकाने उलटी धरली तरी विचित्र दिसत नसे. लिव्हरपूलच्या कॅव्हर्न या तळघरात त्याच्यामागे एड्रियन बार्बर याने बांधलेली, शवपेटीसारखी दिसणारी व त्याच नावाने ओळखली जाणारी एक उंच पेटी असे. तीत १५ इंची स्पीकर होता, आणि तिला शक्ती पुरविणारा क्वाड कंपनीचा ध्वनिवर्धक वस्तुतः घरात बसून ग्रामोफोन ऐकणाऱ्यांसाठी तयार केलेला होता. विटांच्या कमानींच्या त्या कोंदट तळघरात ही सामग्री पुरून उरत असे. तीन बाजूंच्या भिंती खर्जाला आयते बळ देत. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये हाच वादक पंचावन्न हजारांहून अधिक श्रोत्यांपुढे उभा राहिला, तेव्हा त्याच्यामागे व्हॉक्स कंपनीचा १०० वॅटचा ध्वनिवर्धक होता. भिंत नव्हती, छत नव्हते, आणि गायन क्रीडांगणाच्या निवेदनासाठी बसविलेल्या कर्ण्यांतून जात होते. श्रोत्यांच्या किंकाळ्यांत वादकांना एकमेकांचे काही ऐकू येईना. या कार्यक्रमाचा चित्रपट १ मार्च १९६६ रोजी बी.बी.सी.ने दाखविला, आणि त्यात बेस समाधानकारक ऐकू येतो. कारण ५ जानेवारी १९६६ रोजी लंडनच्या सी.टी.एस. ध्वनिमुद्रणगृहात मॅकार्टनीने काही गीतांसाठी बेसचे भाग नव्याने वाजवून घेतले होते. हा चित्रपट ‘प्रत्यक्ष मैफलीचे मुद्रण’ म्हणून प्रमाण धरणाऱ्याच्या हाती त्या दिवसाचा बेस येतच नाही. १०० वॅट ही संख्या, मोकळे मैदान आणि आधी सांगितलेला कानाचा मंदपणा या तिन्हींचा विचार करणारा अभ्यासक सत्याच्या अधिक जवळ जाईल.

या अनुभवानंतर शक्ती वाढविण्याची चढाओढ सुरू झाली. तिच्या अग्रभागी ‘द हू’ या वृंदाचा जॉन एन्टविसल होता. मार्शलची १२ इंची चार स्पीकरांची पेटी त्याने अगदी आरंभीच घेतली. त्याच्या आवाजाला उत्तर म्हणून गिटारवादक पीट टाउनशेंड याने आणखी पेट्या घेतल्या. आणि १९६५ पर्यंत दोघांच्याही मागे माणसाच्या उंचीच्या भिंती उभ्या राहिल्या. एन्टविसलची दुसरी निवड मला याहून दूरगामी वाटते. १९६६ च्या सुमारास त्याने रोटोसाउंड कंपनीकडून स्वतःला हव्या तशा, गोल तारेने गुंडाळलेल्या बेसच्या तारा करून घेतल्या. चपट्या पट्टीच्या तारेचे उपस्वर लवकर विझतात व मूलस्वराचा धक्का तेवढा उरतो. गोल गुंडाळीची तार पियानोच्या तारेप्रमाणे उपस्वरांनी झळाळते आणि तिची आस दीर्घ असते. कान मूलस्वराची भरपाई करतो हे वर सांगितलेच आहे. गिटारच्या भिंतीतून वाट काढण्यास आणखी शंभर वॅटपेक्षा तारांचा एक संच अधिक उपयोगी पडला. तो वाहून नेण्यास मजूर लागत नव्हते हा निराळाच लाभ.

शक्तीच्या चढाओढीचा कळस म्हणजे १९६९ चा अँपेग ‘एस.व्ही.टी.’. हल याने १९६७ मध्ये आपली संस्था विकली होती, त्यामुळे फाटक्या स्वराविषयीचा त्याचा निषेधही संपला होता. बिल ह्यूज आणि रॉजर कॉक्स यांनी सिद्ध केलेल्या या ध्वनिवर्धकात चौदा व्हॉल्व्ह होते व शक्ती ३०० वॅट होती. इतकी शक्ती सोसेल असा एकटा स्पीकर त्या काळी मिळत नसल्याने १० इंची आठ स्पीकरांच्या दोन बंद पेट्या त्याला जोडाव्या लागत. सर्व मिळून वजन सव्वाशे किलोहून अधिक भरे. रोलिंग स्टोन्स या वृंदाने १९६९ च्या अमेरिका दौऱ्यात याचे आरंभीचे नमुने वापरले आणि त्याची कीर्ती झाली.

आता हिशेब करून पाहू. १९५२ च्या २६ वॅटपासून १९६९ च्या ३०० वॅटपर्यंत शक्ती साडेअकरा पट झाली. डेसिबलच्या मापाने ही वाढ दहाच्या किंचित वर भरते, आणि दहा डेसिबल म्हणजे कानाला सुमारे दुप्पट आवाज. सतरा वर्षांच्या खटाटोपाची, निदान केवळ शक्तीच्या हिशेबी, फलश्रुती एवढीच. खरी मदत झाली ती स्पीकरांच्या संख्येची. एका १५ इंची शंकूच्या जागी १० इंची सोळा शंकू आल्यामुळे हवा ढकलणारे क्षेत्र सुमारे सातपट झाले. विक्रेत्यांच्या पत्रकांत वॅटचा आकडा नेहमी ठळक अक्षरांत असतो व पेटीचे क्षेत्र बारीक अक्षरांत. वादकांच्या निवडीवर त्याचा झालेला परिणाम आजही पुसलेला नाही. आणखी एक गंमत अशी की, या आठ स्पीकरांच्या पेटीचा आज विकला जाणारा वंशज सेकंदास सुमारे ५८ कंपनांच्या खाली उतरू लागतो. सर्वांत जाड मोकळ्या तारेच्या ४१.२ या मूलस्वरापाशी तो पुरा दहा डेसिबल मंद असतो. ज्या स्वराला रॉकचा ‘खरा’ खर्ज मानले गेले त्यात मूलस्वराचा वाटा लहान आहे. उपस्वरांची गर्दी आणि ताणलेल्या व्हॉल्व्हचा खरखरीतपणा यांनी मिळून कानाला दिलेला तो भास आहे. रसिकांची अभिरुची यंत्राच्या मर्यादेतून घडते याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

याच सुमारास ट्रान्झिस्टरवर चालणारे ध्वनिवर्धक आले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस निघालेल्या अ‍ॅकूस्टिक कंपनीच्या ‘३६०’ या सामग्रीत १८ इंची स्पीकर पेटीत मागे तोंड करून बसविलेला असून त्याचा स्वर दुमडलेल्या कर्ण्यातून फिरून बाहेर पडे. ही पेटी स्वर दूर फेकी. दूरच्या श्रोत्याला बेस भरघोस ऐकू येई, परंतु पेटीलगत उभ्या असलेल्या वादकाला तो तितकासा मिळत नसे. १९७६ मध्ये वेदर रिपोर्ट वृंदात दाखल झालेल्या जॅको पास्टोरियस याने बिनपडद्याच्या फेंडर जॅझ बेसला हीच सामग्री जोडली. जॅझ बेसमध्ये दोन ध्वनिग्राहक असतात. त्याने घोडीजवळच्या ग्राहकावर भर देऊन मध्यम उपस्वरांचा, गाणाऱ्या गळ्यासारखा स्वर काढला. वाद्यावरील ग्राहकाची निवड आणि पेटीचा स्वभाव यांची अशी सांगड क्वचितच बसते.

‘३६०’ च्या उदाहरणाने जो प्रश्न उघड केला तो या इतिहासाचा मध्यवर्ती प्रश्न होय. वादकामागची पेटी कोणासाठी? १९५० च्या दशकात उत्तर सोपे होते: श्रोत्यांसाठी. १९६७ च्या सुमारास ते बदलू लागले. त्या वर्षी इंग्लंडात विंडसर येथील जॅझ व ब्लूज महोत्सवात चार्ली वॉटकिन्स याने १००० वॅटची सार्वजनिक ध्वनियोजना उभारली. १९६९ च्या वुडस्टॉक महोत्सवासाठी बिल हॅन्ली याने त्याहून मोठी बांधली. प्रथम गायनासाठी असलेल्या या योजनेत हळूहळू ढोल, गिटार व बेसही सामील झाले. बेससाठी मार्ग दोन होते. पेटीपुढे मायक्रोफोन ठेवावा, किंवा डी. आय. नावाची एक लहान पेटी मध्ये घालून वाद्याचा विद्युत्संदेश सरळ मिक्सरकडे न्यावा. गिटारच्या ग्राहकाचा विद्युत्रोध जास्त असतो, त्यामुळे त्याची केबल लांबली की उपस्वर झिजतात आणि गुणगुण मिसळते, डी. आय. पेटीतील रोहित्र तो रोध उतरवून संदेश लांब केबलमधून सुरक्षित पाठविते. वाद्यातच लहानसा ध्वनिवर्धक बसविण्याची रीत हे याच अडचणीवरचे दुसरे उत्तर. अलेम्बिक या कॅलिफोर्नियातील संस्थेने १९७० च्या दशकाच्या आरंभी ती महागड्या वाद्यांत आणली, आणि खुद्द फेंडरचा हात असलेल्या म्युझिक मॅन कंपनीने १९७६ च्या ‘स्टिंगरे’ बेसमधून ती सामान्य वादकांपर्यंत पोहोचविली.

डी. आय. आल्यावर सभागृह भरण्याचे काम पाठीमागच्या पेटीकडून निघाले. ती आता वादकाचा आरसा झाली: त्याने स्वतःला ऐकावे आणि ढोलवादकाने त्याला ऐकावे एवढ्यापुरती. परंतु हे स्थित्यंतर मुकाट्याने झाले नाही. वादक एक स्वर ऐकतो आणि श्रोते दुसराच, ही फूट काहींना असह्य वाटली. ग्रेटफुल डेड या वृंदाने २३ मार्च १९७४ रोजी सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या काऊ पॅलेसमध्ये जी ‘ध्वनीची भिंत’ उभारली ती या फुटीविरुद्धचे बंड होते. अलेम्बिकशी संबंधित तंत्रज्ञ आणि औस्ली स्टॅन्ली यांनी योजिलेल्या या रचनेत वादकासाठी एक आणि श्रोत्यांसाठी दुसरी अशी योजनाच नव्हती. वादकांच्या मागे उभी असलेली एकच प्रचंड भिंत दोघांनाही तोच स्वर देई. फिल लेशच्या बेसच्या चारही तारांचे स्वर वेगवेगळे काढून स्वतंत्र ध्वनिवर्धकांकडे पाठविता येत. मायक्रोफोन भिंतीसमोरच असल्यामुळे स्वर पुन्हा त्यात शिरून किंचाळण्याचा धोका होता. त्यावर प्रत्येक गायकापुढे उलट जोडणीचे दोन मायक्रोफोन ठेवण्याची युक्ती काढली होती. भिंतीचा आवाज दोहोंत सारखाच शिरून रद्द होई व एकाच मायक्रोफोनमध्ये गायिलेला आवाज तेवढा शिल्लक राही. सुमारे ७५ टनांचा हा संभार गावोगाव नेताना वृंदाचे कंबरडे मोडले, आणि ऑक्टोबर १९७४ नंतर तो उभा राहिला नाही. बौद्धिक दृष्ट्या मंचीय ध्वनिवर्धनाच्या इतिहासातील हा सर्वांत प्रामाणिक प्रयत्न होता असे माझे मत आहे. व्यवहारात मात्र फुटीचाच जय झाला.

त्यानंतरचा इतिहास भार उतरविण्याचा आहे, आणि तो थोडक्यात सांगता येईल. १९८० च्या दशकात पेटीत उंच स्वरांचा छोटा कर्णा आला. पुढे निओडिमियमच्या चुंबकांनी स्पीकर हलके झाले. एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून ‘डी’ वर्गाच्या ध्वनिवर्धकांनी तीन किलोंहून कमी वजनात पाचशे वॅट देऊ केले. १९९५ मध्ये व्हॅन हेलन वृंदाच्या ढोलवादकासाठी जेरी हार्वी याने कानात बसणारे लहान ऐकयंत्र केले, आणि आरशाचे काम करणारी पेटीही अनेक मंचांवर अनावश्यक ठरली. उलट दिशेने एक भर पडली ती पाचव्या तारेची. तिचा स्वर सेकंदास सुमारे ३०.९ कंपनांचा, म्हणून जुनी पेटी वापरणाऱ्याला तिचा मूलस्वर जवळजवळ मिळतच नाही.

वापराची रीत मात्र अजून जुन्याच नियमांनी चालते. पेटी कोपऱ्यात सरकविली की भिंती खर्ज फुगवितात आणि कॅव्हर्नचा परिणाम फुकट मिळतो. मोठ्या सभागृहात तोच फुगवटा गढूळ होतो, म्हणून जाणता वादक पेटी पुढे ओढतो, तळचे स्वर थोडे कापतो व मध्यम स्वर वाढवितो. गुडघ्यांना ऐकू येणारी पेटी कानांना ऐकू येत नाही, म्हणून ती उंचावर ठेवतो. सामग्री निवडताना प्रथम सभागृहाचे आकारमान व तेथील सार्वजनिक योजना पाहावी, मग पेटीचे क्षेत्र, आणि वॅटचा आकडा सर्वांत शेवटी, हा क्रम वर केलेल्या हिशेबावरून निघतोच.

आपल्याकडे मुंबईतील हॉटेलांचे नृत्यवृंद आणि हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद यांत पाश्चात्त्य वाद्ये वाजविणाऱ्यांचा फार मोठा भाग गोमंतकीय होता. त्यांच्याविषयी अलीकडे लिहिले जात आहे ते बहुतांशी ध्वनिमुद्रिकांच्या आधारे. मंचावर त्यांनी काय वापरले याचा शोध घ्यावयाचा तर जुनी छायाचित्रे हे साधन हाताशी आहे, आणि ते वाचण्याची दृष्टी वरील विवेचनातून मिळू शकेल: पेटीची पाठ उघडी की बंद, तिच्यापुढे मायक्रोफोन आहे काय, वाद्याची केबल पेटीकडे जाते की जमिनीवरच्या एखाद्या डबीकडे.

अर्थात छायाचित्रही फसवू शकते. कित्येक भव्य मंचांवर दिसणाऱ्या भिंतींतील काही पेट्यांत स्पीकरच नसतात. कॅनडातील ‘रश’ या वृंदाचा गेडी ली याने तर हा देखावाही सोडला. त्याचा बेस सरळ मिक्सरकडे जाऊ लागला आणि मंचाची त्याची बाजू रिकामी पडली, तेव्हा २००२ च्या दौऱ्यात त्याने तेथे कपडे वाळविण्याची यंत्रे मांडली. २००७ मध्ये त्या जागी कोंबड्या भाजण्याच्या काचेच्या भट्ट्या आल्या. गाणे चालू असताना आचाऱ्याची टोपी घातलेला एक साहाय्यक येऊन त्या कोंबड्यांना मसाला लावून जात असे.